सरू बसायला लागली

आमच्या गल्लीत एखादी बाई नुसती बसलेली दिसली की लोक दोनच गोष्टी विचारायचे. अंग दुखायलंय का, नाय तर नवऱ्याशी वाजलंय का. तिसरं काही कारण असू शकतं हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. सरूबाई बसायला लागली तेव्हा तिलाही आधी हेच विचारून झालं. अंग दुखत होतं हे खरं होतं. नवऱ्याशी वाजायचंही अधूनमधून. पण ती बसायची ते वेगळ्याच कारणानं, आणि ते समजून घ्यायला गल्लीला लई वेळ लागला. काहींना अजून समजलेलं नाय. त्यातली मी एक धरा.

आमची गल्ली गुलमंडीच्या मागं. आता शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेव्हा औरंगाबाद होतं, आणि गल्लीत टीव्ही एकच होता. सरूचं घर माझ्या घराला चिकटून. मधल्या भिंतीत एक झरोका होता, तिच्या घरातल्या भांडणाचा सूर मला माझ्या फोडणीच्या आवाजातसुद्धा ओळखू यायचा. मी मुद्दाम ऐकत नव्हते. कान कुठं काढून ठेवणार?

सरू मूळची कन्नड तालुक्यातली, शेतकऱ्याची लेक. पोलीस ॲक्शन झाली त्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसात जन्मलेली, त्यामुळं तिचं वय कोणाला लपवता यायचं नाय. नवरा कारभारी गुलमंडीत आप्पासाहेबांच्या कापडाच्या दुकानात होता. गादीवर बसून थान असं उलगडायचा की लुगडं घ्यायला आलेली बाई नुसती बघत राहायची. स्वभावानं गरीब, बोलायला गोड, आणि दुकान मिटलं की पाय शिंदीच्या दुकानाकडं. घरात दोन लेकरं, आणि सरू जिला आत्याबाई म्हणायची ती सासू, द्वारकाबाई. तिचा आवाज झरोक्याची वाट न बघता भिंतीतून यायचा.

आता मुख्य गोष्ट. सरूच्या अंगात देवी यायची.

तिच्या आईच्या अंगात यायची आधी. आई गेली आणि त्याच वर्षी नवरात्रात संबळ वाजायला लागल्याबरोबर सरू घुमायला लागली. केस सुटले, डोळे फिरले, आवाज जाडा झाला. द्वारकाबाईचं सगळं जगच फिरलं बघा. वर्षभर जी "ए सरे, भाकर करपली का नाक करपलं तुझं" म्हणायची, ती अष्टमीला सुनेच्या पायावर डोकं ठेवून "आई, चुकलं असंल तर पदरात घे" म्हणायची. दसरा झाला की परत सरे. मी एकदा म्हणाले, "द्वारकाबाई, ते पाय तर तेच असतेत की." ती म्हणाली, "पाय तेच, पण आत राहणारी येगळी."

कारभाऱ्याची शिंदी सुटली तीही देवीमुळंच. एकदा दुकानात पिऊन आला आणि एका गिऱ्हाइकाचं नऊवारी आठवारीच कापलं. आप्पासाहेबांनी सांगितलं, परत असं झालं तर गादीवरून उठायचं आणि घरी जायचं. त्या अष्टमीला देवीनं कारभाऱ्याची गचांडी धरली. भरल्या घरात. "शिंदीला शिवशील?" कारभाऱ्यानं हात जोडले. देवीनं त्याच्या तळहातावर कुंकू दिलं आणि म्हणाली, "पुढल्या अष्टमीपर्यंत बोट लावायचं नाय."

आणि त्यानं लावलं नाय. पुढल्या अष्टमीला तळहात घेऊन परत समोर. परत वर्षाची बोली. तिसऱ्या वर्षी परत. बायको वर्षभर सांगत होती तेव्हा ऐकलं नाय, बायकोच्याच तोंडून देवीनं सांगितलं तर ऐकलं. कारभाऱ्याचं मला म्हणणं एवढंच, "मावशी, तिला नाय म्हणता येतं. आईला कसं म्हणणार?"

असं सगळं ठीक चाललं होतं. फक्त सरूची मान. घुमताना मान गरागरा फिरायची, आणि नवरात्र संपलं की दिवाळीपर्यंत तिला मान वळवता यायची नाय. कोणी हाक मारली तर सगळी बाईच वळायची, बैलगाडीसारखी. एका वर्षी तर उन्हाळा आला तरी मान सुटली नाय. दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या, तेल झालं, नजमुन्निसानं दिलेला लेप झाला. नजमुन्निसा म्हणजे समोरची, बांगड्या भरायची, हात तिचे मऊ आणि जीभ तिखट. तीच म्हणाली, "अगे, औरंगपुऱ्यात वो आशाबाई हैना, पहिले नर्स थी. उस्के पास जा. लोगां को चुप बिठाती, दर्द जाता बोलते."

आशाबाई दवाखान्यातून रिटायर झालेली. कुठं तरी लांब जाऊन ध्यान शिकून आली होती आणि पहाटे आपल्या पुढच्या खोलीत चार-दोन जणांना शिकवायची. पैसे नाय, पूजा नाय, फोटोसुद्धा नाय. सरू गेली, मान दाबून घ्यायच्या तयारीनं. आशाबाईनं मानेला हात लावला नाय. म्हणाली, "खाली बस. डोळे मीट. श्वास येतोय-जातोय तो नाकापाशी बघ. बदलू नको, नुसता बघ."

सरू घरी आली ती खट्टू होऊन. "मावशी, श्वास काय बघायचा? तो आपला येतोच की."

"मग काय केलंस?"

"झोपले. घोरले म्हणं."

पण गेली परत. का गेली हे मी विचारलं, तर म्हणाली, तिथं कोणी हाक मारत नाय. हे कारण मला पटलं. त्या घरात हाक न मारता अर्धा तास जाणं म्हणजे माहेरपणच.

हळूहळू आशाबाईनं तिला पुढचं शिकवलं. डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत मनानं फिरायचं. जिथं जे जाणवंल ते बघायचं. गरम, थंड, मुंग्या, ठणका. चांगलं म्हणायचं नाय, वाईट म्हणायचं नाय. सरू घरी येऊन मला एकेक सांगायची, मेथी निवडता निवडता.

"मावशी, मला डावी टाच हाय हे आज कळलं."

"पस्तीस वर्षं लंगडी घालत होतीस का?"

"तसं नाय. उजवी कळायची. डावी कधी कळलीच नाय. आज एकदम आली."

"आली तर बसव तिला, चहा दे."

ती हसली नाय. म्हणजे हसली, पण तिचं लक्ष टाचेकडंच होतं. मानेचं तिनं असं सांगितलं की मान सगळी दुखत नाय, एका जागी दुखते, पैशाएवढ्या. बाकीची मान त्या जागेला घाबरून आखडून बसते. बघत राहिलं की बाकीची आधी सुटते. महिन्याभरात बाईची मान दोन्हीकडं वळायला लागली. द्वारकाबाई म्हणाली, लेपानं. नजमुन्निसा म्हणाली, लेपाच्च से. सरू पहाटे परत औरंगपुऱ्याकडं निघाली.

मग ती घरीही बसायला लागली. पहाटे, चूल पेटवायच्या आधी, माजघरात पोत्यावर. द्वारकाबाईला आधी वाटलं देवीचंच काही असंल, म्हणून ती दबकून चालायची. नजमुन्निसा दारातून डोकवायची आणि म्हणायची, "अगे सरू, हम्म पांच बखत उठते-बैठते, तू तो एक बखत में पूरा कोटा बैठ लेती."

यात गंमत होती तोवर गंमत होती. श्रावणात एका मंगळवारी गोष्ट बदलली.

आरती चालली होती. अशा वेळी सरूच्या अंगात थोडं वारं यायचं, मोठं नाय, दोन-चार झोके. त्या दिवशी द्वारकाबाई आरतीआधी तिला तेल सांडल्यावरून घालून पाडून बोलली होती. आरती सुरू झाली, झांज वाजायला लागली, सरूचे खांदे हलले. मी मागंच उभी होते. मला वाटलं, आली. आणि खांदे थांबले. केस सुटले नायत. बाई सरळ उभी राहिली आणि आरती संपल्यावर सगळ्यांना प्रसाद वाटला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली, आणि भाजी न निवडता बसली.

"मावशी, आत्याबाई बोलतेत तेव्हा माझं इथं तापतं." तिनं बरगडीखाली बोट ठेवलं. "तव्यावरची भाकर ठेवल्यासारखं. मग ते वर चढतं, गळ्याशी येतं, जबडा बसतो. हे मला बसताना कळलं. आता रोज कळतं. बघितलं की निवतं."

"बरंय की मग."

"काल आरतीत ते तिथूनच आलं. तीच जागा. तसंच वर चढलं, तसाच जबडा बसला. मला बघायची सवय झालीय ना. मी बघितलं. आणि निवलं."

मी विचारलं, "म्हणजे देवी म्हणजे तुझा राग?"

"मी असं म्हणलं नाय."

"मग काय म्हणायलीस?"

"जागा तीच हाय एवढंच म्हणायले. कोण येतं ते मला कळंना."

हे मला तिचं आवडलं. दुसरी कोणी असती तर लगेच एक तरी निकाल देऊन मोकळी झाली असती.

पण घाबरली होती ती. देवी रुसंल याचं भय कमी, कारभाऱ्याचं जास्त. अष्टमीला मुदत संपत होती. कुंकू मिळालं नाय तर तो मोकळा. आणि मोकळा झाला की शिंदीचं दुकान काही लांब नव्हतं, आप्पासाहेबांचा शब्दही अजून तसाच होता. सासू, ती आणि दोन लेकरं त्या गादीवर जगत होती.

मी बाईमाणसासारखा सल्ला दिला. "नाय आली तर जरा घुम की. केस मोकळे सोड, दोन झोके घे, कुंकू दे. कोणाला कळतंय?"

"मला कळंल."

"आधी तरी खरं होतं का?"

तिनं विचार केला. "आधी खोटं नव्हतं. मला काही कळायचंच नाय. नंतर लोक सांगायचे काय काय बोलले ते. आता मला माझी टाचसुद्धा कळती. आता घुमले तर ते खोटं व्हईल."

"मग बसणं बंद कर. नवरात्रापुरतं."

"केलं व्हतं, मावशी. आठ दिवस नाय बसले. पण एकदा दिसायला लागलं की डोळे उघडे ठेवूनही दिसतं."

घट बसले. माळा चढायला लागल्या. रोज संध्याकाळी आरती, रोज सरू सरळ उभी. पाचव्या माळेला द्वारकाबाईच्या ध्यानात आलं. ती अडाणी असंल, पण आंधळी नव्हती. नारळ, खण, सगळं घेतलं, मला सोबत घेतलं, आणि आम्ही औरंगपुऱ्यात आशाबाईच्या दारात.

आशाबाई म्हणाली, "या, बसा."

"बसायला नाय आले. बसूनच घोटाळा झालाय. आमची देवी मोकळी करा."

"मी कुठं बांधलीय?"

"हे घ्या नारळ. खण घ्या. काय लागंल ते सांगा. पण मोकळी करा."

"द्वारकाबाई, मी सुनेला श्वास बघायला शिकवलं. अंगात काय होतंय ते बघायला शिकवलं. दुसरं काही केलं नाय."

द्वारकाबाई तेव्हा खरंच खाली बसली. "तेच म्हणते मी. दारात पाव्हणा आला आणि घरवालीनं त्याच्याकडं असं टक लावून बघितलं, का आलास, कुठून आलास, तर पाव्हणा आत यील का हो? लाज वाटून परत जाईल. देवीला कोणी असं बघतं का?"

मला वाटलं आशाबाई आता चार शहाणपणाच्या गोष्टी सांगंल. तिनं नारळ हातात घेतला. मग म्हणाली, "याचं उत्तर मला येत नाय. मला दुखणं माहीत हाय, देवीचं माहीत नाय." नारळ परत द्यायला लागली, तर द्वारकाबाई म्हणाली, "राहू द्या, ओटी परत घेत नसतेत." परत येताना गुलमंडीच्या कोपऱ्यावर म्हणाली, "बाई खोटी नाय. खोटी असती तर बरं झालं असतं."

अष्टमीला दुपारी घर भरलं. होम झाला. गोंधळी आले, संबळ वाजायला लागलं. बायका दाटीवाटीनं बसलेल्या, सरू मधी पाटावर, कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. कारभारी समोर उभा. दुकानातून तासाची सुट्टी काढून आलेला, खांद्याला अजून कापडाचे धागे चिकटलेले. तळहात पुढं केलेला.

संबळ वाजत राहिलं. सरूनं डोळे मिटले होते. एकदा तिचे खांदे हलले आणि बायकांनी "आली, आली" केलं. द्वारकाबाई हात जोडून पुढं सरकली. मग खांदे थांबले. गोंधळ्यानं जोर वाढवला, बिचाऱ्याला घाम फुटला. त्याला वाटलं आपलंच काही चुकायलंय. शेवटी त्याचे हात थकले आणि वाजवणं आपोआप उतरलं.

सरूनं डोळे उघडले. तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आज ती आली नाय."

कारभाऱ्याचा हात तसाच.

"अहो," ती म्हणाली, "मी सांगते. पिऊ नका."

कारभाऱ्यानं आजूबाजूला बघितलं, कोणी आणखी बोलतंय का म्हणून. "तू सांगतीस?"

"व्हय."

"तू कोण सांगणारी?"

"मी सरू."

त्यानं हात खाली घेतला. चप्पल घातली आणि गेला. कापडाच्या दुकानाकडं गेला नाय हे सांगायची गरज नाय.

द्वारकाबाईनं सुनेच्या गळ्यातली कवड्यांची माळ स्वतः काढली, देवापुढं ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. बायका पुरणपोळी खाऊन, पण न बोलता, गेल्या. आमच्या गल्लीत असं जेवण त्याआधी झालं नव्हतं. नजमुन्निसा एकटीच दारात थांबली. "झूट बोल देती तो?" असं मला हळूच विचारलं. मी म्हणाले, मीही तेच सांगितलं होतं. ती म्हणाली, "हौ. हम्म दोनों भी ऐसेच हैं."

संध्याकाळी कारभारी आला, भिंतीला धरून. सरूनं जेवायला वाढलं. जेवला नाय, आडवा झाला. झरोक्यातून मला फक्त द्वारकाबाईचं रडणं ऐकू आलं.

सकाळचं मी ऐकलं ते असं. सरू उठून नेहमीसारखी बसली होती. कारभारी जागा झाला आणि तिच्या समोर येऊन बसला. ती डोळे उघडंपर्यंत थांबला. खोकला, पाणी पिला, भांडं वाजवलं. तिनं उठून चहा टाकला.

"बोल की," तो म्हणाला.

"काय बोलू? काल बोलले."

"शिव्या तरी दे."

"नाय येत."

कपबशी वाजली. मग कारभारी म्हणाला, "देवी वर्षाची बोली करायची. तुझी कालची बोली किती दिवसांची व्हती?"

"मी मुदत घातली नाय."

"बिनमुदतीचं कसं जमंल? कापडसुद्धा मापून घेतेत."

"मग आज पिऊ नका."

मला वाटतं तो खरंच मापत होता. सकाळपासून दुकान मिटंपर्यंत किती हात होतंय ते. मग म्हणाला, "आजचं व्हईल."

दसऱ्याच्या आदल्या दिवसाची गर्दी होती. आप्पासाहेबांनी त्याचे लाल डोळे बघितले, तोंड वळवलं आणि थान पुढं सरकवलं. गिऱ्हाईक दारात उभं असताना कोण काढतंय चांगल्या माणसाला. संध्याकाळी कारभारी सरळ घरी आला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी परत, "आज?" आणि सरू म्हणाली, "आज नको." तिसऱ्या दिवशी परत. मी झरोक्याजवळची भांड्यांची मांडणी दुसरीकडं हलवायचं ठरवलं होतं, ती मग तिथंच ठेवली; भांडी लावता लावता ऐकू यायचं.

सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर तुम्ही मला ओळखत नाय. दिवाळीत तो पिला. गुढीपाडव्यालाही पिला, आणि एकदा उन्हाळ्यात, भर दुपारी. पण दर वेळी सकाळी येऊन बसायचा. आणि एकदा आपण होऊन म्हणाला, "सरे, ते तुझं बघायचं काय असतंय, ते मी काल बघितलं. आधी जिभेच्या मुळाशी ओढ लागते. मग गुडघ्यात येतं."

"गुडघ्यात?"

"गुडघेच वळतेत तिकडं. मी म्हणतो, घरी. ते म्हणतेत, तिकडं."

"मग?"

"मग कोपऱ्यावर उभा राहिलो. थोडा वेळ. सायकलवाले शिव्या द्यायले. मग गेलं ते."

तो काही पोत्यावर बसला नाय. डोळे मिटले की झोप लागते म्हणायचा. उभ्यानंच करायचा जे काय करायचा ते, गुलमंडीच्या कोपऱ्यावर, आणि लोकांना वाटायचं कारभारी रिक्षाची वाट बघायलाय.

देवी सरूच्या अंगात परत आली नाय. मी तिला एकदा विचारलं, चुकल्यासारखं वाटतं का. म्हणाली, वाटतं. आई गेली होती तसं. बरगडीखाली रिकामं वाटतं, ते बघते, ते कधी निवतं, कधी नाय निवत.

पुढच्या अष्टमीला द्वारकाबाईनं गोंधळी बोलावलेच. सरूनंच घट मांडला, माळा चढवल्या, होमाला बसली. संबळ वाजलं, बायकांनी सवयीनं वाट बघितली, आणि मग मुकाट आरती म्हणली. कारभारी यंदा हात पसरून समोर आला नाय. त्याचं विचारून सकाळीच झालं होतं, चहाच्या वेळी. तो धोतर खोचून पंगतीत वाढत होता, आणि माझ्या पानाशी येऊन म्हणाला, "मावशी, पोळी वाढू का, का पोटात जागा कुठं हाय ते आधी बघताय?"

मी म्हणाले, "वाढ, बाबा. माझी जागा मला न बघता कळती."